स्टीलच्या डब्याच्या आत काठाशी प्रभार का सापडतो?

प्रयोगवही
आठवीसाठी प्रयोग लावतेय. स्टीलचा डबा (उंची १२ सेंमी, तोंड १० सेंमी) थर्माकोलवर ठेवला. पीव्हीसी पाइप लोकरीवर घासून डब्यावरून ओढला. स्ट्रॉच्या टोकाला बटणाएवढी फॉइलची चकती आहे. ती डब्याला बाहेरून टेकवून विद्युतदर्शीला (प्रभार असला की दोन पातळ पानं फाकवणारं उपकरण) लावली की पानं फाकतात, आत तळाला टेकवली तर फाकत नाहीत. इथवर ठीक. पण काठाखाली २ सेंमीवर आतूनही थोडी फाकतात. शिवाय दोनेक मिनिटांत प्रभार निघूनच जातो.

चकतीवाला
आत प्रभार शून्य, हा नियम चहूबाजूंनी बंद असलेल्या रिकाम्या पोकळीचा. तोंड उघडं असलं की बाहेरचं विद्युत क्षेत्र आत झिरपतं. ५ सेंमी त्रिज्येच्या डब्यात ते दर २ सेंमी खोलीला साधारण ४० टक्क्यांवर येतं. म्हणून २ सेंमीवर जाणवतं, १० सेंमीवर शंभरावा हिस्साही उरत नाही. ३ सेंमी भोकाचं पत्र्याचं झाकण घट्ट बसवा, फरक लगेच दिसेल.

चकती बाहेर काढताना काठाला निसटतीसुद्धा लागू देऊ नका. काठावर प्रभार सर्वांत दाट असतो. एक स्पर्श झाला की तळाचं वाचन खोटं.

मेणवडी
गळती थर्माकोलवरून होतेय. अशा डब्याची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) ७-८ पिकोफॅरड. खालचा रोध एक कोटी मेगाओहम असला तरी सव्वा मिनिटात प्रभार जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येतो. घामट बोटांचे ठसे आणि दमट हवा एवढ्यानेच रोध त्याखाली जातो. डबा पॅराफिन मेणाच्या वडीवर ठेवा, वडीला कडेनेच धरा. स्ट्रॉ हेअर ड्रायरने वाळवा.

पाइप ओढण्यापेक्षा प्रवर्तन वापरा: पाइप जवळ आणा, डब्याला बोट लावा, आधी बोट काढा, मग पाइप. क्रम उलटला तर प्रभार बोटावाटे परततो, डबा कोराच राहतो. पाइप ऋण, म्हणून डबा धन होईल.

प्रयोगवही
प्रभार वाढवत न्यायचा असेल तर पाइप आतून टेकवू का?

चकतीवाला
पाइप रोधक आहे, टेकलेल्या जागेपुरताच प्रभार देईल. प्लॅस्टिकच्या दांडीवर धातूची गोळी बसवा, ती प्रभारित करून तळाला टेकवा. फॅरडेच्या १८४३च्या बर्फाच्या बादलीच्या प्रयोगातलंच हे तत्त्व: आतून टेकलेली गोळी जवळजवळ सगळा प्रभार देऊन टाकते, डबा आधीच कितीही भरलेला असो. बाहेरून टेकवली तर वाटणी होते आणि थोड्याच फेऱ्यांत वाढ थांबते.