नववी-दहावीचं गणित: क्लासचा फ्लेक्स बघून प्रवेश घेऊ नका

त्रिज्या (धागाकर्ती)

मार्च उजाडला की आठवीच्या पालकांचे फोन वाजायला लागतात. रविवारी मोफत स्कॉलरशिप टेस्ट असते, तिच्यात प्रत्येक पोराला सवलत मिळतेच आणि ती सवलत येत्या शनिवारपर्यंतच टिकते. मग पुढ्यात येतं नववी-दहावीचं पॅकेज. गणित, विज्ञान, इंग्रजी एकत्र, फी दोन हप्त्यांत, सुटं काही मिळणार नाही.

माझं मत सरळ लिहिते, मग झोडा. शिकवणी लागलीच तर एकट्या गणिताची लावावी, पंधराच्या आतल्या बॅचमध्ये लावावी आणि वही तपासणाऱ्या माणसाकडे लावावी. चौकातल्या फ्लेक्सवर ९५ टक्केवाल्यांचे फोटो असतात. त्या वर्षी क्लासला एकूण मुलं किती होती, हे त्यावर नसतं. ९५ वाली पोरं बहुतेकदा आत शिरतानाच ८५-९० ची असतात. मला विचारायचं असतं ते आठवीत ४२ मिळवलेल्याचं. तो दहावीत कुठवर पोचला? काउंटरवर हे विचारलं की रंगीत माहितीपत्रक पुढे सरकवतात.

दुसरं म्हणजे, गणितात मूल जिथं अडलेलं दिसतं तिथं ते बहुधा अडलेलंच नसतं. वर्गसमीकरण येत नाही म्हणून रडत असतं, पण येत नसतात अवयव. अवयव येत नाहीत कारण चिन्हं कच्ची. वजा तीन गुणिले कंसात एक्स वजा चार, याचं उत्तर ते बिनधास्त 'वजा तीन एक्स वजा बारा' लिहितं. साठ पोरांपुढे फळ्यावर शिकवणाऱ्याला हे दिसणार कसं? ते वहीत दिसतं.

निवृत्त भूमिती

त्रिज्याताई, बॅच पंधराची की साठची हे नंतर बघू. क्लास हवाच कशाला? मी अनुदानित शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक धड्यात सरावसंच आहेत, शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह आहे. हे सगळं स्वतःच्या हातानं सोडवणारी पोरं वर्गात चार-पाच निघायची. बाकीच्यांकडे क्लासच्या जाडजूड नोट्स असायच्या, त्याही सोडवून दिलेल्या.

पेपर बघा ना. भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती, प्रत्येकी ४० गुण, २ तास. २० गुण अंतर्गत. चाळिसातले चौथ्या प्रश्नाचे ८ आणि पाचव्याचे ३ असे ११ गुण विचार करायला लावणारे. उरलेले २९ पुस्तक नीट केलेल्याला मिळतात. 'कृती पूर्ण करा'च्या चौकटी तर पुस्तकाच्याच वळणाच्या असतात. आणि त्या ११ गुणांसाठी क्लास काय करतो? 'संभाव्य प्रश्न' पाठ करून घेतो. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाची सिद्धता घोकलेली पोरं मी पाहिली आहेत. आकृतीतली अक्षरं बदलली की पेन थांबतं.

वाकडकर

सर, आदर ठेवून असहमत. तुम्ही म्हणता ते मूल पुस्तक काढून आपणहून बसतं. असं मूल ज्यांच्या घरी आहे ते हा धागा उघडणारच नाहीत.

आम्ही दोघं नोकरी करतो, घरी यायला आठ वाजतात. मुलगा दुपारनंतर घरी एकटा आणि हातात मोबाइल. मोठा क्लास मला काय देतो? ठरलेली वेळ, दर पंधरवड्याला परीक्षा, गैरहजेरीचा मेसेज आणि एक सर सोडून गेले तर दुसरे सर. घरगुती शिकवणीवाल्या बाईंच्या घरी लग्न निघालं की नोव्हेंबर गेला. हे आमच्या सोसायटीत घडलेलं आहे, ऐन दहावीच्या वर्षी. पंधराची बॅच वगैरे ऐकायला छान वाटतं, पण ती एका माणसावर उभी असते.

आणि फ्लेक्सला एवढं हिणवू नका. शेजारच्या बाकावर ९५ वाला बसलेला असला की आपलाही जरा सरळ बसतो.

त्रिज्या

वाकडकर, मग तुम्ही शिकवणी विकत घेत नाही आहात, साडेपाच ते साडेआठ मुलावर नजर ठेवणारी जागा विकत घेताय. गरज खरी आहे, नाकारत नाही. पण त्या कामाला अभ्यासिका पुरते, आणि तिची फी विचारून बघा. शिवाय बऱ्याच मोठ्या क्लासांत तो ९५ वाला शेजारच्या बाकावर नसतोच. पहिल्या चाचणीनंतर तुकड्या पाडतात, चांगले सर वरच्या तुकडीला जातात. आपला खालच्या तुकडीत, आणि फी दोघांची सारखीच.

वाकडकर

तुकड्या पाडतात हे बरोबर आहे. पण मग खालच्या तुकडीला संथ शिकवतात, हेच तर तुम्हाला हवंय!

त्रिज्या

संथ शिकवत असते तर हवंच होतं. पण पोर्शन दोन्हीकडे एकाच तारखेला संपतो.

गोदाकाठ

तुम्ही सगळे पुणे-मुंबईकडचे दिसता. मी परभणी जिल्ह्यातून लिहितोय. पुतण्याच्या शाळेत गणिताची जागा रिकामी, विज्ञानाचे सर दोन्ही विषय ओढतात. गावापासून तालुक्याला एसटीनं जायचं, तिथं गणिताचा म्हणावा असा एकच क्लास, बॅच सत्तरची. फी दिवाळीनंतर, सोयाबीनचे पैसे हाती आले की. सर चांगले शिकवतात, मराठीतून शिकवतात. 'पुस्तक पुरेसं आहे' हे निवृत्त सरांनी इथे येऊन म्हणून दाखवावं. पुस्तक आहे हो, समजावणारं कोण आहे?

केंद्र सरकारच्या २०२५ च्या पाहणीत देशातली साधारण २७ टक्के मुलं खासगी शिकवणीला जातात असं आलंय, आणि त्यात खेडी शहरांच्या फार मागे नाहीत. ही सगळी हौस आहे असं समजू नका.

निवृत्त भूमिती

गोदाकाठ, तुमच्यापुढे माझा मुद्दा टिकत नाही, कबूल. जिथं शिक्षकच नाही तिथं सत्तरची बॅचही लाखमोलाची. माझा राग आहे तो जिथं शाळेत शिक्षक आहेत आणि तरी वर्ग ओस पडतो त्यावर. शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमात शिक्षकानं खासगी शिकवणी घेऊ नये असं स्वच्छ लिहिलंय. तरी शाळेतल्याच सरांच्या घरी संध्याकाळी चपलांची रांग दिसते. पालकांना ते सोयीचं वाटतं, कारण अंतर्गत २० गुण त्याच सरांच्या हातात. यावर कोणी बोलत नाही.

लघुगणक

चर्चा दहावीच्या चाळीस गुणांभोवती फिरते आहे, इथंच गडबड आहे. दहावीला ९२ मिळवलेली पोरं अकरावी विज्ञानच्या पहिल्या चाचणीत गळपटतात. निश्चयक, शांकव, संमिश्र संख्या, मग सीमा आणि विकलन, सगळं एका वर्षात अंगावर येतं. म्हणून आठवीपासून फाउंडेशन, म्हणजे आयआयटीच्या तयारीचा पाया घालणारी बॅच. माझा भाचा त्यातून गेला, अकरावीत त्याला धक्का बसला नाही.

आणि लहान बॅचचं कौतुक करणाऱ्यांनी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूमचं १९८४ चं संशोधन सांगायचं राहिलंय, मीच सांगतो. एकास एक शिकवलेला सरासरी विद्यार्थी साध्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला, असं त्यात होतं. पण ते एकास एक होतं आणि प्रत्येक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही या अटीवर. नंतरच्या अभ्यासांत एवढा फरक कुणाला सापडला नाही. पंधराची बॅच म्हणजे ते नव्हे. पंधरा आणि साठ, दोन्हीकडे शेवटी फळाच असतो.

घरगुती शिकवणी

पंधरा आणि साठ सारखे? लघुगणक, एक संध्याकाळ माझ्याकडे येऊन बसा.

मी बाराच्या वर मुलं घेत नाही. तत्त्व वगैरे काही नाही, बारा वह्या तपासायलाच तास जातो. नवीन मूल आलं की पहिले काही दिवस धडा उघडत नाही. मागच्या वर्षीची सहामाहीची उत्तरपत्रिका आणायला सांगते. तीत काय चुकलं यापेक्षा काय कोरं सोडलंय ते आधी बघते. शाब्दिक उदाहरणं कोरी असतील तर बहुतेक वेळा मुलाला गणित येत असतं, वाचून समीकरण मांडता येत नसतं. 'वडिलांचं आजचं वय मुलाच्या वयाच्या चौपट' इथंच गाडी अडते. त्याला शंभर समीकरणं सोडवायला दिली तर उपयोग शून्य. ज्याचा अपूर्णांक कच्चा आहे त्याला सहावीच्या पुस्तकावर नेते. आई-बापाला ते अपमानास्पद वाटतं. "मॅडम, दहावी आहे तिची!" असा मेसेज येतो. दुसरा मेसेज, "क्लासमध्ये तीन धडे झाले, तुमचा पोर्शन किती झाला?"

वाकडकर म्हणतात ते मात्र खरं आहे. मी आजारी पडले की बॅच बंद. बदली शिक्षक माझ्याकडे नाही.

त्रिज्या

लघुगणक, फाउंडेशनबद्दल. शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नाही, घ्यायचा तर दहावीच्या परीक्षेनंतर. शिकवणारा किमान पदवीधर. गुणांची नि रँकची हमी द्यायची नाही. मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत. आणि तुम्ही तेरा वर्षांच्या पोराला आयआयटीच्या नावाच्या बॅचला बसवा म्हणताय.

लघुगणक

त्या सूचना आहेत, अंमल राज्यांनी करायचा आहे. आणि त्यात कोचिंगची व्याख्याच पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांची आहे. म्हणजे घरगुती शिकवणी त्यात येतच नाही, तिथं ना पदवीची अट ना फी परतीची. मग धोका कुठे जास्त?

नाव आयआयटीचं असलं म्हणून आत विष नसतं. भाच्याला त्यांनी संख्यांचे गुणधर्म शिकवले, भूमितीत स्वतः सिद्धता शोधायला लावल्या. शाळेत कोणी लावल्या होत्या?

निवृत्त भूमिती

त्यासाठी फाउंडेशनचं पॅकेज लागत नाही. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेली. तिथं गणित ऑलिंपियाड स्पर्धेच्या तयारीला पोरं जातात, ती गणित आवडतं म्हणून. आवड असलेल्या पोराला तिकडे न्या. न आवडणाऱ्याला आठवीतच त्या वेगात ढकललं तर दहावीपर्यंत त्याचं उरलंसुरलं गणितही जातं.

बॅकबेंच

काका-मावशी लोकहो, मी गेल्या वर्षी दहावी दिली, आता डिप्लोमाला आहे. कुणीच वेळाबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. शाळा बारा ते साडेपाच. क्लास साडेसहा ते नऊ. सकाळी शाळेचं नि क्लासचं, दोन्हीकडचं लिखाण. गणित सोडवायचं कधी? क्लासमध्ये सर एका लेक्चरला दहा-बारा गणितं घ्यायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. बघताना सगळं समजतं हो. घरी कोऱ्या पानावर तेच गणित सुटत नाही. प्रिलिम झाल्यावर क्लास बंद झाला, वाचनाची सुट्टी लागली, तेव्हा कुठे मी पहिल्यांदा स्वतः बसून श्रेढीचा पूर्ण धडा सोडवला.

टेस्ट सिरीज मात्र कामाची होती. दोन तासांत पेपर बसवायचा सराव घरी होत नाही.

वाकडकर

बॅकबेंच, हे मी मुलाला वाचायला दिलं. तो फक्त "बघ" म्हणाला.

सीबीएसईची आई

आमच्याकडे जरा वेगळं आहे. दहावीला गणित बेसिक की स्टँडर्ड हे निवडायचं असतं. अभ्यासक्रम एकच, पेपरची काठिण्यपातळी वेगळी. अकरावीला गणित घ्यायचं तर स्टँडर्डच बरं. पण माझ्या लेकीला पुढे गणित नकोच आहे, तरी क्लासवाले "बेसिक घेतलं तर दारं बंद होतात" म्हणून घाबरवत राहिले. स्टेट बोर्डची नि सीबीएसईची मुलं एकाच बॅचमध्ये बसवतात का, हेही आधी विचारून घ्या. आमच्याकडे बसवली होती.

घरगुती शिकवणी

हे फार महत्त्वाचं. सेमी आणि पूर्ण मराठी माध्यम एकत्र असलं तरी तीच रड. एका पोराला बहुपदीची 'कोटी' कळत नाही, दुसऱ्याला त्याचीच 'डिग्री'.

त्रिज्या

बरं, माझ्या मूळ मुद्द्यातली पंधराची अट मी थोडी सैल करते, गोदाकाठांमुळे. वही तपासण्याची अट सोडत नाही. प्रवेशाआधी क्लासवाल्याला मुलाची एक जुनी उत्तरपत्रिका दाखवा आणि विचारा, याला कुठून सुरुवात कराल? "आम्ही सगळ्यांना पहिल्या धड्यापासूनच घेतो" असं उत्तर आलं तर पैसे भरू नका. सत्तरच्या बॅचमधलाही चांगला सर दहा मिनिटं काढून कागद बघेल.

लघुगणक

ॲडमिशनच्या दिवशी सगळेच बघतात. जूनमध्ये बघतील का ते विचारा.

वाकडकर

माझं मत बदललं नाहीये, मुलगा मोठ्या क्लासलाच जाणार. फक्त विज्ञान-इंग्रजी काढून टाकतोय, म्हणजे आठवड्यातल्या तीन संध्याकाळी त्याला मोकळ्या मिळतील. पॅकेज तोडून देत नव्हते. दुसऱ्या क्लासचं कोटेशन दाखवल्यावर दिलं. त्रिज्या, टेस्ट सिरीज तेवढी वेगळी मिळते का कुठे? तुमच्या मुलीलाही लागेल.

घरगुती शिकवणी

मिळते. बरेच क्लास प्रिलिमच्या आसपास बाहेरच्या मुलांना फक्त परीक्षेला बसू देतात, डिसेंबरात चौकशी करा. पण तपासलेला पेपर हातात परत देतात का ते आधी विचारा. काही ठिकाणी नुसते गुण व्हॉट्सॲपवर येतात.