शूसेन आणि हाइसेन : मराठीत काय लिहावं?

प्रश्न : एका जपानी लेखाचा अनुवाद करतेय. १५ ऑगस्ट १९४५ साठी एका परिच्छेदात 'शूसेन' आहे, पुढच्यात 'हाइसेन'. दोन्हींना 'युद्धसमाप्ती' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. 'सेन' म्हणजे युद्ध, 'शू' म्हणजे संपणं, 'हाइ' म्हणजे हरणं. मराठीत म्हणून बघा : 'युद्ध संपलं' आणि 'युद्ध हरलो'. पाऊस संपतो तसं युद्धही संपतं, कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. 'हरलो' म्हटलं की त्यात 'आम्ही' आलो. जपानमधला वाद या 'आम्ही'पाशीच अडतो.

त्या दिवशी दुपारी बाराला जपानची शरणागती कळवणारं सम्राटांचं ध्वनिमुद्रित भाषण रेडिओवर लागलं. भाषा दरबारी, वर खरखर. कित्येकांना धड उमगलंच नाही. हिरोशिमावर बॉम्ब पडून नऊ दिवस झाले होते. तरी भाषणात 'हार' नाही की 'शरणागती' नाही. युद्धाचं पारडं आपल्याकडे झुकलं नाही आणि जगाचं वारंही आपल्या बाजूचं नाही, एवढाच त्याचा आशय. सरकारी बोलीत 'शूसेन' रुळला यात नवल नाही. युद्धानंतर जपानमध्ये आलेल्या अमेरिकी सैन्यालाही लोक 'शिनचूगुन' म्हणत, म्हणजे येऊन तळ ठोकलेलं सैन्य. 'सेन्र्योगुन', म्हणजे ताबा घेतलेलं सैन्य, हा शब्द होता, पण तो बोचायचा.

म्हणून युद्धाबद्दल माफी मागणारं १९९५ चं सरकारी निवेदन मला फार मोलाचं वाटतं. समाजवादी पंतप्रधान मुरायामा त्यात 'हाइसेनच्या दिवसाला ५० वर्षं' असं म्हणतात. २००५ मध्ये पंतप्रधान कोइझुमींनी माफीचे शब्द तेच ठेवले, पण ६० वर्षं मोजली ती 'शूसेन'पासून. तुम्ही दोन्हीकडे 'युद्धसमाप्ती' लिहिलंत, तर मराठी वाचकाला हा फरक दिसणारच नाही.

प्रश्न : मग हाइसेनला 'हार' की 'पराभव'?

उत्तर : 'पराभव'. 'हार' निवडणुकीतही होते, सामन्यातही.

प्रश्न : आणि 'हान्सेई'? शब्दकोशात 'पश्चात्ताप' सापडला.

उत्तर : तो जरा जड होतो. हान्सेई म्हणजे आपल्या वागण्याकडे वळून पाहणं. शाळेत मुलांनाही करायला लावतात. माफीला 'ओवाबी' हा वेगळा शब्द आहे. १९९५ च्या जूनमध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने युद्धाबद्दल केलेल्या ठरावात हान्सेई होतं, ओवाबी नव्हतं. ओवाबी दोन महिन्यांनी मुरायामांच्या निवेदनात आलं. तुमच्या लेखात नुसतं हान्सेई असेल, तर 'आत्मपरीक्षण' लिहा, 'माफी' नको.