शेपटी किती लांब ठेवायची?

लिपिड-२ म्हणजे जिवाणू आपली भिंत विणायला वापरतात तो कच्चा माल: एका टोकाला साखरांचं डोकं, दुसऱ्या टोकाला कार्बनांची लांब शेपटी. त्याची नक्कल करणारा रेणू बनवून भिंतीचं काम रोखायचं, तर 'लिपिड-२ च्या शेपटीत ५५ कार्बन असतात, तर नकली रेणूतही तेवढेच हवेत' असं एक मत आहे. मला ते पटत नाही. जिवाणूची भिंत विणणाऱ्या ट्रान्सग्लायकोसिलेझ या एन्झाइमला (पेनिसिलिन अडवतं ती पायरी वेगळी, पुढची) रोखणारं मोएनोमायसिन हे प्रतिजैविक बघा. निसर्गानेच घडवलेली लिपिडची ही नक्कल, पण तिची शेपटी फक्त २५ कार्बनांची. तरीही पकड जबरदस्त, कारण एन्झाइमच्या खाचेत खरं काम साखरा आणि फॉस्फेटचा भाग करतो.

मग शेपटी आणखी छाटावी? तेही करून झालंय. १० कार्बनांची शेपटी जोडलेला रेणू परीक्षानळीत एन्झाइमला अडवतो, जिवंत जिवाणूवर मात्र निष्प्रभ ठरतो. माझ्या मते लांब शेपटी रेणूला पेशीपटलात रुतवते, आणि एन्झाइमही तिथेच असतं. उलट हीच शेपटी मोएनोमायसिनला माणसासाठीचं औषध होऊ देत नाही: तोंडावाटे घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही.

म्हणून एन्झाइमच्या चाचणीतला आकडा बघून हुरळून जाऊ नका. त्याच आठवड्यात तो रेणू जिवाणूंवरही लावून बघा. नकली रेणूच्या डोक्याकडचा पायरोफॉस्फेटही (दोन फॉस्फेटांची जोडी) बदलायला हवा, तो सहज तुटतो. तिथे फॉस्फोनेटपासून (फॉस्फेटसारखाच, पण सहज न तुटणारा गट) सुरुवात करा.