मिरची तिखट झाली ती कुणासाठी?

मृण्मयी_बी: बिया काढताना बोटं संध्याकाळपर्यंत भाजत होती. फळ लालभडक, म्हणजे कुणीतरी खावं म्हणूनच ना? मग आत ही आग कशाला?

खंड्या: खावं, पण पक्ष्यांनी. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन त्यांना झोंबत नाही. सस्तन प्राणी दाढांनी बी चिरडतात, पक्षी अख्खं गिळून दूर टाकतात. २००१ मध्ये ट्युक्सबरी आणि नभान या संशोधकांनी ॲरिझोनातल्या रानमिरचीवर हे दाखवलं.

बुरशीवेडा: पक्षी ही अर्धीच गोष्ट. मला खरं वेड लावलं ते बोलिव्हियातल्या कॅप्सिकम चाकोएन्से या रानमिरचीनं. एकाच रानात तिखट आणि बिनतिखट झाडं शेजारीशेजारी! किडे फळात सोंड खुपसतात, त्या भोकातून फ्युजॅरियम बुरशी शिरते आणि बी मारते. कॅप्सेसिन तिला रोखतं. मग सगळीच तिखट का नाहीत? कारण पाणी कमी पडलं की तिखट झाडांना बी कमी धरतं. म्हणून दमट भागात जवळपास सगळी तिखट, कोरड्या भागात बिनतिखट जास्त. किती नेमका हिशेब आहे हा!

मृण्मयी_बी: माझ्या एका फळातल्या बिया काळ्या निघाल्या. ही वेगळी प्रजाती?

खंड्या: हो, कॅप्सिकम प्युबेसेन्स, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली. फुलं जांभळी असतील बघा. कॅप्सिकम, म्हणजे मिरचीच्या वंशात ४० हून अधिक प्रजाती, माणसानं लागवडीत आणल्या फक्त ५. त्यांतली ॲनम मेक्सिकोतली, चायनेन्से ॲमेझॉन खोऱ्यातली. तिच्या नावातला चीन ही १७७६ मधली चूक, अजून तशीच चालू आहे.

मृण्मयी_बी: फुलं जांभळीच आहेत!