हाताने घडवलेली स्टीलची माउंटन बाइक: एवढी किंमत द्यावी का?

सातपुडा_पायडल (परतवाडा)

नमस्कार मंडळी. मी परतवाड्याजवळच्या एका गावात शिक्षक आहे. सुटीच्या दिवशी धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याचा घाट चढणे आणि एरवी शिवारातल्या पांदण रस्त्यांनी फिरणे, एवढाच माझा सायकलचा उपयोग आहे. शर्यतीत उतरण्याचा विचार नाही. सध्याची ॲल्युमिनियमची हार्डटेल (फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली सायकल) बदलायची असून एका कारागिराकडून क्रोमोली (क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलची फ्रेम बनवून घ्यावी, असे मनात आहे. अडचण अशी की त्यांनी नुसत्या फ्रेमची जी किंमत सांगितली, तेवढ्यात हायड्रॉलिक ब्रेक असलेली कारखान्यातली चांगली सायकल पूर्ण येते. स्टीलच्या बाजूने तीन गोष्टी नेहमी ऐकतो: ते धक्के गिळते, जन्मभर टिकते आणि मोडले तरी गावचा वेल्डर जोडून देतो. यात तथ्य किती आणि जाहिरात किती, हे जाणकारांनी सांगावे. माझी उंची ५ फूट ७ इंच आहे आणि बांधा सर्वसाधारण आहे.

जोडकाम_यवतमाळ

सर, मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो, म्हणून शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. आपल्या जुन्या काळ्या सायकलची नळी साध्या पोलादाची आणि जाड असते, त्यामुळे तिला गॅसवर पितळेचा जोड कोणीही देऊ शकतो. चांगल्या क्रोमोली फ्रेमची नळी मात्र बटेड असते, म्हणजे टोकांना साधारण ०.८ किंवा ०.९ मिलिमीटर जाड आणि मधल्या भागात ०.६ मिलिमीटरच्या आसपास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे हूक जोडणाऱ्या वेल्डरने तिला आर्क लावला, तर जोड लागण्याऐवजी भोकच पडण्याची शक्यता अधिक. दुरुस्ती होते, पण ती आर्गन वेल्डिंगमध्ये किंवा पितळेच्या कामात हात बसलेल्या माणसाकडून, आणि असा माणूस तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. ॲल्युमिनियमपेक्षा तरीही हे बरे म्हणायचे, कारण ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमची फ्रेम वेल्ड केल्यावर सांध्याजवळ मऊ पडते आणि तिची ताकद परत आणण्यासाठी उष्णतेची जी प्रक्रिया करावी लागते, तिची सोय आपल्या भागात शोधूनही सापडायची नाही.

टिकण्याबद्दल जे सांगितले जाते, त्याला आधार आहे. पोलादावर पडणारा ताण एका मर्यादेखाली राहिला, तर तो कितीही वेळा पडला तरी थकव्याने तडा जात नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसल्याने त्याची फ्रेम मुळातच मोठ्या व्यासाच्या नळ्यांची आणि ताठ बनवावी लागते.

धक्के गिळण्याचा दावा मला सर्वांत कच्चा वाटतो. पोलादाची कोणतीही जात घ्या, तिचा ताठरपणा २०० गिगापास्कलच्या आसपासच असतो. म्हणजे ४१३० या साध्या क्रोमोलीऐवजी रेनॉल्ड्स ८५३ हे महाग पोलाद घेतल्याने त्याच मापाची नळी अधिक लवचिक होत नाही. ८५३ वेल्ड केल्यावर हवेत थंड होताना सांध्याजवळ आणखी बळकट होते, म्हणून ती पातळ वापरता येते आणि वजन थोडे वाचते, एवढाच तिचा गुण. शिवाय त्रिकोणी फ्रेम उभ्या दिशेने फार तर मिलिमीटरभर लवते, तर कमी हवेचा २.४ इंची टायर त्याच्या कित्येक पट दबतो. पांदणीतल्या दगडांचा त्रास कमी करायचा असेल, तर पैसा आधी टायरवर खर्च करावा.

रानवाट (वर्धा)

वरील दादांचे म्हणणे धातूपुरते मान्य आहे, परंतु कारागिराला आपण पैसे धातूचे देत नाही. माझी उंची ४ फूट ११ इंच आहे. कारखान्याच्या सर्वांत लहान फ्रेमवरही हँडल दूर पडत असे आणि वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागत असे. माझ्या हातापायांची मापे घेऊन, २७.५ इंची चाके धरून आणि वरची नळी आखूड ठेवून बनवलेल्या फ्रेमवर या दोन्ही तक्रारी संपल्या, आणि त्या कोणत्याही तयार सायकलवर संपल्या नसत्या. माझ्यासाठी ती रक्कम योग्य होती. सर, आपल्या उंचीला मात्र बाजारातली मध्यम मापाची फ्रेम बहुधा नीट बसेल, तेव्हा या कारणासाठी तरी आपल्याला कारागिराकडे जाण्याची गरज दिसत नाही.

चाकजोडी (वरूड)

माझे सायकलचे दुकान आहे, तेव्हा दुकानदाराच्या नजरेने दोन शब्द लिहितो. आपल्या काळ्या मातीत पहिला पाऊस पडला की चिखल टायरला धरून पुढच्या चिमट्यात (फोर्कमध्ये) आणि मागच्या नळ्यांमध्ये असा बसतो की चाक फिरायचे थांबते. कारागिराला सांगून तिथे जास्तीची मोकळी जागा ठेवून घेता येते, आणि विदर्भात चालवणाऱ्याने पैसे मोजावेत असा माझ्या मते हा एक खरा फायदा आहे. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग, आट्यांचाच मागा. दाबून बसवायच्या प्रकारात घाण शिरली की करकर सुरू होते आणि त्याची अवजारे खेड्यात मिळत नाहीत.

स्टीलला गंज आतून लागतो, हे कोणी विक्रेता आपणहून सांगत नाही. सीटच्या नळीतून पाणी उतरते आणि खाली साठते, म्हणून तळाला निचऱ्याचे छिद्र हवे आणि पावसाळ्यापूर्वी नळ्यांच्या आतून तेलाचा थर द्यायला हवा. परदेशातले जुने कारागीरही यासाठी उकळलेले जवसाचे तेल वापरतात, आणि जवस तर आपल्याकडचेच पीक आहे.

सातपुडा_पायडल (परतवाडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. क्रोमोलीचीच, पण कारखान्यात तयार झालेली फ्रेम घेतली, तर कारागिराच्या फ्रेमच्या तुलनेत मी नेमके काय गमावतो?

जोडकाम_यवतमाळ

आपल्या बाबतीत फारसे काही नाही. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात जो ब्रीझ नावाच्या कारागिराने डोंगरउतारासाठी मुद्दाम फ्रेम बनवली तेव्हा तशी सायकल बाजारात नव्हतीच, त्यामुळे हाताने घडवण्यावाचून इलाज नव्हता. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची जपानमध्ये बनलेली स्टंपजंपर ही माउंटन बाइक आली आणि तेच काम कारखान्यात होऊ लागले. आज तैवानच्या चांगल्या कारखान्यातले आर्गन वेल्डिंग सरासरी कारागिरापेक्षा कमी प्रतीचे नसते, हे मी या धंद्याबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो. आपण गमावाल ते मनाजोगते माप, हवा तो रंग आणि बनवणाऱ्या माणसाशी होणारे बोलणे. यांतले शेवटचे आपल्याला मोलाचे वाटत असेल तर जरूर कारागिराकडे जावे, फक्त त्याच्या जुन्या ग्राहकाची निदान पाच वर्षे चाललेली फ्रेम एकदा पाहून घ्यावी. तयार फ्रेम घेणार असाल, तर वरूडच्या भाऊंनी सांगितलेली चिखलाची जागा आपल्याला हव्या त्या टायरसह मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.