ऑफिसचा कॉम्प्युटर रविवारी फॉरमॅट

माई (बी-७): तात्या, ऑफिसच्या दारावर कागद लावलाय की रविवारी कॉम्प्युटर फॉरमॅट होणार, ज्यांचं काही असेल त्यांनी काढून घ्यावे. हे कधी ठरलं? मी खजिनदार आहे की नुसती सह्या करायला आहे? सगळे हिशोब त्यात आहेत आणि मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहितीये, परत तोंड उघडायला लावू नका

तात्या (सेक्रेटरी): माई नमस्कार 🙏 विषय गेल्या मीटिंगमध्ये झाला होता, आपण लवकर गेलात. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच बंद झालेत, त्यामुळे ११ टाकून घेतोय, इंजिनिअर म्हणाला सगळं नव्याने टाकलेलं बरं. बॅकअप मी घेतला आहे. काळजी नसावी.

माई (बी-७): लवकर गेले कारण तासभर पार्किंगच चाललं होतं. बॅकअप कसला घेतला, कुठे घेतला?

तात्या (सेक्रेटरी): पेनड्राइव्हवर. डेस्कटॉपवरचं सगळं सिलेक्ट ऑल करून कॉपी.

बंटी (सी-१): तात्या फटकन झालं असेल ना 😄

तात्या (सेक्रेटरी): हो, लगेच झालं. का?

सई (ए-९): तात्या, पेनड्राइव्हवर जे आलंय त्याच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, साइझ किती दाखवतंय?

अण्णा (ए-२): उगाच घाबरवू नका लोकांना. फॉरमॅट फक्त सी ड्राइव्ह होतो. डी ड्राइव्हला काही होत नाही.

तात्या (सेक्रेटरी): ९८ केबी

सई (ए-९): तात्या ते शॉर्टकट आहेत 🙂 आयकॉनच्या खालच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो ना, ती फाइल नसते, फाइल कुठे ठेवलीये त्याचा नुसता पत्ता असतो. फॉरमॅट झाल्यावर त्या पत्त्यावर कोणी राहत नसणार.

बंटी (सी-१): म्हणजे तात्यांनी सोसायटीच्या पाट्या उचलून नेल्या, बिल्डिंग जागेवरच

तात्या (सेक्रेटरी): बंटी, कमिटीत ये, मग बोल. सई, कागद लावला तो यासाठीच की सगळ्यांनी बघावं. मी एकट्याने किती करायचं.

नाना (बी-३): विषय निघालाच आहे तर लिफ्टमधला पंखा कधी लागणार

माई (बी-७): नाना लिफ्टचा विषय नाही निघालेला.

सई (ए-९): आणि डेस्कटॉपवर खरी फाइल असली तरी डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स पण. खूप जणांना वाटतं डेस्कटॉप म्हणजे वेगळी जागा, समोर दिसतो म्हणून.

अण्णा (ए-२): म्हणूनच मी सेक्रेटरी असताना सगळं डी मध्ये ठेवायची शिस्त लावली होती. डी ड्राइव्हला काही होत नाही.

माई (बी-७): शिस्त?? डी मध्ये "अण्णा पर्सनल" नावाचा ६२ जीबीचा फोल्डर आहे. मी काल बघितला. सोसायटीचं पूर्ण रेकॉर्ड त्याच्या दहाव्या भागाएवढं पण नाही

अण्णा (ए-२): तुम्ही माझा फोल्डर उघडलात?

माई (बी-७): उघडला नाही. नुसती साइझ बघितली. सोसायटीच्या मशीनवर सोसायटीच्या खजिनदाराने बघू नये का?

अण्णा (ए-२): त्यात नातवाचे व्हिडिओ आहेत आणि माझे रिटर्न्सचे कागद. रोज रात्री उशिरापर्यंत ऑफिसात बसून सोसायटीचं काम फुकट केलंय मी, तेव्हा कोणाला जागा मोजायची आठवण नाही झाली.

काकू (सी-८): अण्णांनी खूप केलंय सोसायटीसाठी हे मान्य करायला हवं 🙏🙏

माई (बी-७): कोण नाही म्हणतंय काकू. पण रविवारी ते ६२ जीबी गेले की परत माझ्यावरच येणार, "माई कमिटीत होत्या".

तात्या (सेक्रेटरी): कृपया वैयक्तिक बोलू नये. अण्णा, आपलं जे असेल ते आपण शनिवारपर्यंत काढून घ्यावे ही विनंती.

अण्णा (ए-२): कशाला काढायचं? डी ड्राइव्हला काही होत नाही. यापूर्वी दोनदा झालंय, डी तसाच राहिला.

सई (ए-९): अण्णा, सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन पार्टिशन आहेत. विंडोज टाकताना एक यादी येते, त्यात "अण्णा पर्सनल" असं लिहिलेलं नसतं, नुसतं डिस्क झिरो पार्टिशन एक, दोन, तीन आणि पुढे जीबी. घाईत चुकीची ओळ सिलेक्ट करून डिलीट दाबलं की संपलं. आणि मागच्या वर्षी आपण एसएसडी, म्हणजे नवीन प्रकारची डिस्क, टाकलीये, जुन्या हार्ड डिस्कसारखं नंतर रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून काही मिळेल अशी आशा ठेवू नका, डिलीट झालेली जागा एसएसडी स्वतःच साफ करून टाकते.

बंटी (सी-१): सईताई, ते "कीप माय फाइल्स" म्हणून ऑप्शन असतो ना, तो केला तर?

सई (ए-९): तो रिसेटमध्ये असतो. त्यात फाइल्स राहतात, टाकलेले प्रोग्रॅम जातात. पण मध्येच लाइट गेली किंवा अडकलं तर? आणि इंजिनिअर पेनड्राइव्ह लावून नव्याने टाकणार आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही. पार्टिशन फॉरमॅट न करता त्याच्यावरच टाकलं तर जुनं सगळं विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये जातं, पण तो पण साधारण दहा दिवसांनी आपोआप उडतो. त्याच्या भरवशावर कोण राहणार.

माई (बी-७): आता माझं ऐका. आपलं हिशोबाचं सॉफ्टवेअर, टॅली, त्याचा डेटा कुठे आहे? ते डॉक्युमेंट्समध्ये नाहीये, मी शोधलं.

सई (ए-९): नसणारच माई. आपण जागा बदलली नसेल तर सी ड्राइव्ह, यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा असा असतो. नुसतं तुमच्या नावाचं फोल्डर उचललं तर पब्लिक मागे राहतं. टॅलीच्या आतून पण बॅकअप घ्या आणि तो डेटा फोल्डर पण जसाच्या तसा उचला. लायसन्स आधी सरेंडर करा, नाहीतर नवीन विंडोजवर परत चालू करताना डोक्याला ताप.

माई (बी-७): बघा. हे कागदावर लिहिलं होतं का कुठे?

तात्या (सेक्रेटरी): नोंद घेतली आहे.

काकू (सी-८): सई बाळा, माझ्या लॅपटॉपचे फोटो वनड्राइव्हमध्ये आपोआप जातात, मुलाने करून दिलंय. म्हणजे माझा बॅकअप झालेलाच आहे ना?

सई (ए-९): काकू अर्धा. ते सिंक आहे. लॅपटॉपवरून फोटो उडवला की तिकडून पण उडतो, मग ३० दिवस तिकडच्या कचऱ्यात राहतो. आणि फुकट जागा ५ जीबीच असते, ती भरली की पुढचे फोटो वर जात नाहीत, वरती एक बारीक सूचना येते जी कोणी वाचत नाही.

काकू (सी-८): ती पिवळी आहे का? रोज येते. मी बंद करते.

बंटी (सी-१): 😂😂

अण्णा (ए-२): हा प्रकार बघा. पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा आहे, ६४ जीबी. बाकी सगळं जातंय, नातवाचा कार्यक्रमाचा एकच व्हिडिओ घेत नाही, म्हणतंय फाइल मोठी आहे. जागा आहे तरी. पेनड्राइव्ह खराब आहे, तात्या, सोसायटीने कुठून आणलाय हा?

माई (बी-७): काढून घ्यायला सुरुवात केली वाटतं 🙂

सई (ए-९): पेनड्राइव्ह चांगला आहे अण्णा. तो फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, कितीही जागा असली तरी. तो एक्सफॅट या दुसऱ्या प्रकारात परत फॉरमॅट करून घ्या, पण आधी त्याच्यावर टाकलेलं दुसरीकडे ठेवा, नाहीतर तेही जाईल. खरं तर पेनड्राइव्ह नकोच, दोन एक्सटर्नल हार्ड डिस्क घ्या, एक ऑफिसात, एक कोणाच्या तरी घरी.

नाना (बी-३): ऑफिसात ठेवली तर ती पण पंख्यासारखी जाईल

तात्या (सेक्रेटरी): नाना पंख्याचा विषय सोमवारी.

माई (बी-७): आणि नोटिसांचं काय? मागच्या वेळी हेच झालं होतं, आता सांगतेच. फाइल्स सगळ्या होत्या, एकही गेली नव्हती, पण उघडल्या की सगळी इंग्रजी अक्षरं, मध्ये कंस, मध्ये टक्क्याचं चिन्ह. सभेचे वृत्तांत, ना हरकत पत्रं, सगळं. मी एक एक परत टाइप केलंय, कोणी आभार पण मानले नाहीत.

अण्णा (ए-२): ते श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये होतं. त्या वेळी सगळीकडे तेच चालायचं.

सई (ए-९): हां, हे महत्त्वाचं आहे. जुनं मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखं दिसणाऱ्या पद्धतीत, नाही, त्यामुळे अक्षरं फॉन्टवर अवलंबून आहेत. नवीन विंडोजमध्ये तो फॉन्ट नसेल तर फाइल सुखरूप असून वाचता येत नाही. आत्ता नीट दिसतंय तोवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट कॉपी करून ठेवा, आणि ज्या नोटिसा हव्यात त्यांच्या पीडीएफ काढा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो. ब्राउझरचे बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड पण बघा, ते लपवलेल्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये असतात, साध्या कॉपीत येत नाहीत.

अण्णा (ए-२): हे सगळं सी चं झालं. डी ड्राइव्हला काही होत नाही हे कोणी नाकारलेलं नाही अजून.

सई (ए-९): अण्णा मी आत्ता ऑफिसात आहे. डी च्या आयकॉनवर कुलूप दिसतंय, उघडं कुलूप. बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला पासवर्डचं कुलूप, लावलंय कोणी?

अण्णा (ए-२): मीच. सुरक्षेसाठी. माझे कागद होते त्यात.

सई (ए-९): मग ऐका. आत्ताच्या विंडोजला ते उघडता येतंय म्हणून उघडं दिसतंय. नवीन विंडोज टाकलं की डी ला कोणी हात लावला नाही तरी तो तुमचा पासवर्ड मागेल, नाहीतर ४८ आकडी रिकव्हरी की. दोन्ही नसेल तर डी जागेवर असेल आणि आत काही दिसणार नाही.

बंटी (सी-१): डी ड्राइव्हला खरंच काही नाही झालं म्हणायचं 😄

माई (बी-७): बंटी आता गप्प. अण्णा, पासवर्ड आठवतोय का?

अण्णा (ए-२): तो कधी मागितलाच नाही मशीनने. ती रिकव्हरी की माझ्या ईमेलवर ठेवली असणार. तो जुना ईमेल. त्याचा पासवर्ड डायरीत आहे.

सई (ए-९): ईमेल नंतर बघू. मशीन चालू आहे तोवर रिकव्हरी की परत काढून छापता येते आणि डेटा पण नीट कॉपी होतो, फक्त अ‍ॅडमिनचा पिन हवा. तो तुमच्याकडेच आहे ना? कॉपी झाली की दुसऱ्या लॅपटॉपवर लावून दहाबारा फाइल्स उघडून बघायच्या, एक टॅलीची, एक नोटिशीची, एक तो मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून. आणि इंजिनिअर आला की एक्सटर्नल डिस्क काढून ठेवा, लावलेली राहिली तर ती पण त्याच यादीत दिसते.

तात्या (सेक्रेटरी): सर्व सभासदांना कळविण्यात येते की रविवारचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे. इंजिनिअरला मी कळवतो. अण्णा, आपण आज सहा वाजता डायरी घेऊन ऑफिसात यावे. सई तू पण ये. सई, तू निघतेयस ना, चावी माईंकडे दे.

सई (ए-९): माझ्याकडे चावी नाही तात्या, दार उघडंच होतं

माई (बी-७): उघडं?? चावी नानांकडे असते.

नाना (बी-३): माझ्याकडे नाही. लिफ्टवाला आला होता तेव्हा मी अण्णांना दिली

अण्णा (ए-२): बघतो.