सिगरेट-बिडी सोडताना पहिले दहा दिवस तुम्हाला कोणी धरून ठेवलं?

एक_स्टेशन

परवा ऑफिसातल्या एका पोरानं विचारलं, दादा तुम्ही सिगरेट सोडलीत ना, पहिले चार दिवस नेमके काढले कसे? आणि मला धड सांगता येईना. का सोडावी हे सगळेच सांगतात, पाकिटावरचा तो फोटो बघत बघतच माणूस काडी पेटवत असतो. पण मंगळवारी दुपारी साडेतीनला तलफ आली तेव्हा हाताशी कोण होतं, काय केलं, हे कोणी सांगत नाही. ते इथे लिहूया. जमलं असेल तर लिहा, जमलं नसेल तर आधी लिहा.

माझं सांगतो. डोंबिवली ते फोर्ट, १९ वर्षं, दिवसाला बारा-चौदा. त्यातल्या तीन ठरलेल्या, घरातून निघायच्या आधीची, सीएसएमटीला उतरल्यावरची आणि जेवणानंतरची, बाकीच्या अशाच, कोणी 'चल' म्हटलं की. स्वतःच्या जोरावर तीनदा सोडली आणि तिन्ही वेळा चौथा दिवस काही बघितला नाही. मग पाकिटावर तंबाखू सोडायच्या हेल्पलाइनचा छापलेला असतो तो नंबर लावला, १८००-११-२३५६, टोल फ्री आहे, मराठीत बोलता येतं. मला वाटलं आता लेक्चर. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात ओढता? मी म्हटलं दात घासायच्या आधी. मग कुठे, कोणाबरोबर, कशावर. सोडायची तारीख पण त्यांनी दिली नाही, माझ्याच तोंडून काढून घेतली. मी रविवार म्हटलो, लोकल नाही टपरी नाही म्हणून. आणि गृहपाठ दिला की तीन माणसांना आधी सांगून ठेवा.

बायको, डब्यातला पत्त्यांचा ग्रुप आणि टपरीवाला. तिसरं सगळ्यात अवघड गेलं. 'मी मागितली तरी देऊ नका' म्हटल्यावर तो नुसता हसला. सोमवारी संध्याकाळी मी मागितलीच, तर बरणीतून आलेपाकाची वडी काढून हातात ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. दिवसाचे दोनशे रुपये बुडाले त्याचे माझ्यामुळे.

दुसरा-तिसरा दिवस वाईट, डोकं जड, हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, खिसे चाचपत बसायचो. फोनवर सांगितलं होतं की तलफ चार-पाच मिनिटांची असते, ओढलीत तरी जाते आणि न ओढलीत तरी जाते. हे डब्यात सांगितलं तर एक काका म्हणाले, म्हणजे एक स्टेशनच की रे. मग तेच झालं. मी अस्वस्थ दिसलो की पत्ते पिसता पिसता कोणीतरी म्हणायचं, एक स्टेशन जाऊ दे. ऑफिसात बसून पण मी तेच मोजायचो, दिवा गेलं, मुंब्रा गेलं.

हेल्पलाइनवाल्यांचा नंतर त्यांच्याकडूनच फोन यायचा, कसं चाललंय विचारायला. त्या फोनची लाज वाटायची, त्यांना 'ओढली' असं सांगायचं नव्हतं, एवढंच.

चहाशिवाय

बायकांनी पण लिहायचं ना इथे? मग लिहिते. हिंजवडी, सात वर्षं, दिवसाला पाच-सहा. माझी अडचण वेगळी, घरी ओढते हेच माहीत नव्हतं त्यामुळे सोडतेय हे कोणाला सांगणार. त्याच आठवड्यात आई राहायला आलेली, म्हणाली एवढी चिडचिड का, लग्नाचं टेन्शन घेतेस का. हो म्हटलं 😐

फ्लॅटमेटनं वाचवलं. तिनं आयुष्यात कधी ओढली नाही, पण तिला मी एकच सांगितलं होतं, उपदेश नको, मी 'खाली चल' म्हटलं की चप्पल घालायची. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा-सहा वेळा खाली उतरायचो, शेवटी वॉचमननं विचारलं मॅडम कुत्रा घेतलाय का.

आणि एक, हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. चौथ्या दिवसापासून मला धडधड, हात थरथर, रात्री टक्क जाग. वाटलं हेच ते विथड्रॉवल, आता मरते. कंपनीच्या डॉक्टरांनी विचारलं, कॉफी किती? म्हटलं नेहमीचीच, सहा कप. तर म्हणे सिगरेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन भराभर संपवत असतं, धूर बंद झाला की तेच सहा कप अंगात कितीतरी जास्त वेळ राहतात. निम्मी केली, दोन-तीन दिवसांत धडधड गेली. सिगरेटच्या नावानं कॉफीचे भोग भोगत होते मी.

उद्यापासून_नक्की

छान धागा. रुमाल टाकून ठेवतो. आज पहिला दिवस आहे. नंतर लिहितो, आत्ता कीबोर्ड फोडावासा वाटतोय.

सूप_आणि_कात्री

सोलापूरचा आहे मी, आमच्याकडं सिगरेट कुठली, बिडी. आणि बिडी विकत आणायची पण गरज नाही, आई घरात वळायची. दिवसाला हजार बिड्या, मांडीवर सूप, सुपात जर्दा, ओलं केलेलं तेंदूपान कात्रीनं कापायचं, वळायचं, दोरा गुंडाळायचा. बारा-तेरा वर्षाचा होतो तेव्हा सुपातली उचलून पहिली ओढली. आईला कळलं नसेल असं नाही, पण मोजणी कमी भरली तर ती रात्री दोन जास्त वळायची, बोलायची नाही.

चाळिशीत दम लागायला लागला, जिना चढून वर गेलो की बसावं लागायचं. डॉक्टर म्हणाले बंद. आता बंद कसं करायचं सांगा, दारातून आत आलं की वासच तो. घरभर जर्दा. आईला म्हटलं तू वळायचं सोड. ती म्हणाली लेका, मी सोडते, पण मग खायचं काय.

बरोबर होतं तिचं. दोन दिवस घरात बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर सूप जाग्यावर नाही. शेजारच्या काकूच्या ओट्यावर जाऊन बसली होती, तिथं वळत होती, त्या घरात फुकणारं कोण नव्हतं. महिनाभर उन्हातान्हात तिथंच बसली, संध्याकाळी माल देऊन, हात-पाय धुऊन, लुगडं बदलून मग आत यायची. सहा वर्षं झाली. लई लोक विचारतात कुठलं औषध घेतलं म्हणून. काय सांगू.

एक_स्टेशन

@सूप_आणि_कात्री, काय लिहू याच्यावर. सकाळपासून दोनदा वाचलं.

केमिस्ट_गल्लीतला

मेडिकल आहे माझं, त्यामुळे निकोटीनच्या गमबद्दल थोडं. लोक घेऊन जातात आणि तिसऱ्या दिवशी परत येतात, काही उपयोग नाही, नुसती मळमळ नि उचक्या. विचारलं कसं खाल्लं, तर म्हणे चुइंगमसारखं चावलं की. तसं नसतं हो ते! हळूहळू दोन-चारदा चावायचं, तोंडात झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की थांबायचं आणि गाल नि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं. झिणझिण गेली की परत थोडं चावायचं, मग दुसऱ्या गालात. अर्धा तास चालतं एक. आत जाणारं निकोटीन गालातून जातं, गिळलं की पोटात जाऊन नुसता त्रास. आणि चहाचा घोट घेत घेत खाल्लं तर वाया, आधी पंधरा मिनिटं काहीच प्यायचं नाही.

२ एमजी चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ एमजीला डॉक्टरची चिठ्ठी लागते. उठल्याउठल्या अर्ध्या तासात ज्याला लागते त्याला बहुतेक वेळा दोननं भागत नाही, म्हणून तो म्हणतो गम फालतू आहे. हार्टचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरला विचारा, माझ्या काउंटरवर नको. कातडीला चिकटवायचा पॅच असतो, गिळायच्या गोळ्या पण असतात, त्या डॉक्टरच देणार.

अवांतर: २०२० मध्ये राज्यात सुट्टी सिगरेट विकायला बंदी आली, माझ्या समोरच्या खोक्यावर अजून सुट्टीच जाते. सोडणाऱ्याचा घात सुट्टी करते. पाकीट घ्यायला माणूस दहादा विचार करतो, 'एकच दे' म्हणायला करत नाही.

हिशोबनीस

मी ओढणारी नाही, ओढणाऱ्याची बायको. आमची बाजू पण येऊ द्या. नवऱ्यानं सोडली तेव्हा पहिले दोन दिवस मी पोलीस झाले होते, शर्ट हुंगणं, खिसे बघणं, बाथरूममध्ये इतका वेळ का. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ कमी म्हणून वाटी आपटली त्यानं, पोरगी घाबरून रडायला लागली. मी म्हटलं जा बाबा, ओढून ये एक, आम्हाला सुखानं जेवू दे. हे बोलले आणि त्याचा चेहरा असा झाला ना, अजून आठवतो.

मग रात्री बसून ठरवलं. दहा दिवस तू जे बोलशील ते मी वहीत लिहीन, मनावर घेणार नाही, अकराव्या दिवशी हिशोब. पोरीला पण सांगितलं की बाबाला ताप आहे, आतून आहे, दिसत नाही. वही खरंच केली, तारीख-वार लिहून. 'भाजी चिरताना आवाज किती' हे पण आहे त्यात. शर्ट हुंगणं बंद केलं. त्यानंच सांगितलं, तू विचारत नाहीस तेव्हा जास्त भीती वाटते.

वजन वाढलं चार किलो, पोट साफ न होणं, तोंड येणं, सगळं झालं. जेवण झालं की तो पानाचा डबा काढावा तसा बडीशेप-ओव्याचा डबा काढतो. सुपारी मात्र मी घरात येऊ दिली नाही, एक गेलं नि दुसरं बसलं असं नको. अकराव्या दिवशीचा हिशोब अजून व्हायचाय, व्याज चढतंय.

वांगी_भरली

मशेरीचं चालेल का? सासूबाई, कराडजवळ, चाळीस वर्षं. भाजलेली तंबाखू दातांना लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे एकच पालुपद. नातवानं रोज पहाटे कोमट पाणी नि भिजवलेल्या मनुका नेऊन द्यायला सुरुवात केली, त्याचं मन मोडायचं नाही म्हणून त्या घ्यायच्या. दिवसाला चारदाची एकदावर आली आहे. पूर्ण सुटलेली नाही, खोटं कशाला लिहू.

टिपरू

मी न जमलेला. ढोल पथकात आहे. अकरा दिवस सोडली, विसर्जनाच्या मिरवणुकीत पहाटे तीनला खांदे गेलेले, ज्याच्या ताशावर वाजवतो त्यानंच पुढे केली, घेतली. एकच होती. पण डोक्यात आलं की गेलं सगळं, अकरा दिवस पाण्यात, आणि उजाडायच्या आत अख्खं पाकीट. आता वाटतं एकीनं काही बिघडलं नव्हतं, पाकिटानं बिघडलं. त्या ताशावाल्याला मी आधी सांगितलंच नव्हतं की सोडलीय. लाजलो, दोनदा आधी सोडून झालेली ना, पोरं हसतात.

उद्यापासून_नक्की

रात्रीचे पावणेदोन. तिसरा दिवस. झोप नाही, आणि जी लागली त्यात स्वप्नात सिगरेट ओढत होतो, उठलो तर अपराधी वाटतंय. शिवाय खोकला वाढलाय, ओढत होतो तेव्हा नव्हता एवढा. हे नॉर्मल आहे का? कल्याण स्टेशनबाहेर एक खोकं रात्रभर चालू असतं, चालत सात मिनिटं. चप्पल घातलेली आहे.

चहाशिवाय

जागी आहे. नॉर्मल आहे, मला पण ती स्वप्नं पडायची, महिनाभर. चप्पल घातलीच आहे तर गच्चीत जा, खाली नको.

केमिस्ट_गल्लीतला

खोकला पहिले काही आठवडे वाढतो बऱ्याच जणांचा, श्वासनळी आतली साफसफाई परत सुरू करते. रक्त पडलं, ताप आला, दम लागला किंवा तीन आठवडे थांबलाच नाही तर मात्र डॉक्टर. गम आहे का घरी?

एक_स्टेशन

आहे मी. कल्याणचाच ना तू, मग सोपं आहे. कसारा लोकल पकडलीय असं समज. शहाड जाऊ दे.

उद्यापासून_नक्की

गम आहे, एक ठेवलंय गालात. गच्चीत आलोय. शहाड गेलं.

हिशोबनीस

घरात कोणाला उठव रे. शिव्या देतील, देऊ दे.

उद्यापासून_नक्की

भावाला उठवलं. शिव्या दिल्या. आता दोघं बसलोय, तो डुलक्या घेतोय. आंबिवली.

टिपरू

मित्रा, तुझी तारीख कुठली धरलीस? मी पण परवापासून परत धरतो, ताशावाल्याला सांगितलंय आज.

उद्यापासून_नक्की

रविवार. टिटवाळा आलं. गाडी थांबलीय थोडी पण मी उतरत नाहीये.